आल्बा बर्लिनचा खेळाचा तास, सोलापूरच्या वर्गखोलीतून

आल्बा बर्लिन हा जर्मनीतील एक व्यावसायिक बास्केटबॉल क्लब आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे तिथल्या शाळा आणि क्लबचे स्वतःचे सामने एकाच वेळी थांबले, तेव्हा या क्लबने मुलांसाठी यूट्यूबवर रोज एक खेळाचा तास दाखवायला सुरुवात केली. बालवाडी, प्राथमिक आणि माध्यमिक अशा तीन गटांसाठी वेगवेगळे, साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचे आणि पूर्णपणे मोफत असे हे तास आहेत. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. गेली दोन वर्षे उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे फेब्रुवारी संपता संपता सुरू करून वार्षिक परीक्षेपर्यंत, मी हे तास पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर वापरले. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. त्यात क्लबविषयीही बरेच लिहावे लागणार आहे, कारण हे तास इतके चांगले का उतरले याचे उत्तर मला क्लबच्या घडणीतच सापडले.

आधी आमची परिस्थिती सांगतो. आमच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. काही घरांत अजून यंत्रमागाची खडखड असते आणि बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात. मैदान म्हणजे दोन इमारतींमधले मुरुमाचे पटांगण आहे, आणि त्याच्या एका टोकाला बास्केटबॉलचा एकच बोर्ड उभा आहे. मार्चच्या मध्यापासून सोलापूरचे ऊन असे चढते की सकाळी दहानंतर मुलांना पटांगणात उभे करणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे होय. मग खेळाचा तास गणिताला किंवा राहिलेल्या धड्यांना दिला जातो. हा तास हातचा जाऊ नये, वर्गातच, बाके भिंतीला लावून, मुलांना घाम येईल असे काहीतरी करून घेता यावे, एवढ्याच गरजेपोटी मी शोधाशोध केली. त्याआधी एकदा एका खासगी कंपनीला शाळेने पैसे मोजून असाच कार्यक्रम घेतला होता. त्यात रंगीत चित्रे भरपूर होती आणि मुलांना प्रत्यक्ष करायला फारच थोडे होते. त्यामुळे या जर्मन तासांकडे मी साशंक नजरेनेच वळलो होतो.

पहिल्या दिवशी शाळेच्या टीव्हीला मोबाइल जोडून प्राथमिक गटाचा एक तास लावला. पडद्यावरचे प्रशिक्षक जर्मन बोलत होते. दोन मिनिटे वर्ग गप्प होता, आणि मग मागून प्रश्न आला, “सर, ह्ये काय म्हणायलेत ओ?” मी उत्तर देण्याआधीच पुढच्या रांगेतल्या एका मुलीने त्याला सांगितले, “म्हणू दे की. हात बघ त्येंचे.” मला त्या मुलीचे म्हणणे फार मोलाचे वाटते. आमची मुले पहिलीत येतात तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना बाईंचे मराठीही पूर्ण कळत नसते. बोलणाऱ्याच्या हातांकडे, चेहऱ्याकडे आणि पावलांकडे पाहून अर्थ लावायची सवय त्यांना लहानपणापासून असते. ज्या अडचणीची मला सर्वांत जास्त धास्ती होती, ती दहा मिनिटांत संपली. यात त्या प्रशिक्षकांचेही श्रेय मोठे आहे. ते प्रत्येक हालचाल आधी सावकाश करून दाखवतात, मग वेग वाढवतात, आणि मुलाला दम लागत असेल हे गृहीत धरून मध्येच थांबतात. कॅमेऱ्यासमोर एकटे असूनही समोर वर्ग बसला आहे असेच ते वागतात.

या तासांचा दुसरा गुण असा की त्यांना साहित्य जवळजवळ लागत नाही. टाळेबंदीत मुले घरात अडकलेली होती, म्हणून घरात सापडतील त्याच वस्तू वापरायच्या, असा विचार त्यामागे होता. मोजे, उशा, टॉवेल, खुर्ची अशा वस्तूंवर उड्या, तोल सांभाळणे, फेकणे, झेलणे हे सगळे चालते. आमच्याकडे उन्हाळ्यात मुले चपला घालून येतात, मोजे कोणाकडेच नसतात. मग टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या कतरणीचे आम्ही घट्ट चेंडू बांधले. हे चेंडू टप्पा खात नाहीत, त्यामुळे झेलण्याचा सराव अधिक नेमका होतो, असे माझे निरीक्षण आहे. चेंडू हातात आला की तिथेच राहतो आणि मुलाला आपला पंजा कसा उघडला होता ते दिसते.

जमिनीवर झोपून करायच्या व्यायामांसाठी मी मुलांना घरून चादर आणायला सांगितले. सोलापुरी चादर शाळेच्या शहाबादी फरशीवर किती सुळकन सरकते, याचा विचार मी केला नव्हता. पाचवीच्या मुलांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर बसून शर्यत लावली आणि एकाचा गुडघा सोलवटला. पुढच्या तासाला मी तीच गोष्ट व्यायामात घेतली. एकाने चादरीवर मांडी घालून बसायचे, दोन्ही कडा मुठीत धरायच्या आणि पाठ ताठ ठेवायची. दुसऱ्याने पुढची दोन टोके धरून, गुडघे वाकवून, मागे मागे जात त्याला फळ्यापासून दारापर्यंत ओढायचे. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना शरीर ज्या बैठकीत ठेवावे लागते, म्हणजे कंबर खाली, पाऊल सपाट आणि नजर समोर, ती बैठक शब्दांनी समजावायला मला एरवी महिना लागतो. चादर ओढताना ती आपोआप आली, कारण कंबर वर गेली की ओढणारा मुलगा स्वतःच घसरून पडतो. हा व्यायाम मला व्हिडिओत तयार मिळाला नव्हता, पण घरातल्या वस्तूने शरीर घडवता येते ही दृष्टी नक्कीच तिथून मिळाली.

आता क्लबविषयी. एखादा व्यावसायिक संघ मुलांसाठी काही करतो, तेव्हा आपल्याकडे साधारणपणे एक मोठा खेळाडू अर्धा तास येतो, टोप्या वाटतो, फोटो निघतात आणि गाडी जाते. आल्बाच्या तासांत प्रसिद्ध खेळाडू सतत मिरवताना दिसत नाहीत. मुलांना शिकवणे हीच ज्यांची रोजची नोकरी आहे, असे प्रशिक्षक दिसतात. असे प्रशिक्षक एका आठवड्यात उभे करता येत नाहीत. ते आधीपासून क्लबच्या पगारपटावर होते, रोज बर्लिनच्या शाळांत जात होते, आणि शाळा बंद पडल्यावर तेच काम त्यांनी कॅमेऱ्यासमोर केले. म्हणूनच टाळेबंदी लागताच अवघ्या काही दिवसांत हा तास सुरू होऊ शकला.

क्लबचे मूळ पश्चिम बर्लिनमधील शार्लोटेनबुर्ग या भागातल्या जुन्या बास्केटबॉलमध्ये आहे. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये कोसळली आणि ऑक्टोबर १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्याच सुमारास आल्बा ही बर्लिनची कंपनी शार्लोटेनबुर्गच्या संघाची प्रायोजक झाली आणि १९९१ मध्ये क्लबने तिचे नाव घेतले. ही कंपनी कचरा गोळा करणारी आणि त्यावर प्रक्रिया करणारी आहे, हे वाचून आमची मुले चकित झाली. सकाळी गल्लीत घंटागाडी येते ते काम करणाऱ्या कंपनीच्या नावाने युरोपातला एक मोठा संघ खेळतो, ही गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली, आणि शाळेच्या दारात येणाऱ्या घंटागाडीवरच्या काकांना त्यांनी ती लगेच जाऊन सांगितली. क्लबचे रंग निळा आणि पिवळा आहेत, आणि नावाशी जुळणारा अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी त्याचे बोधचिन्ह आहे.

१९९३ हे वर्ष जर्मन बास्केटबॉलला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी मायदेशात झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत जर्मनीने पहिल्यांदा सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे सर्बियन प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच त्याच वर्षी आल्बाकडे आले आणि २००० पर्यंत राहिले. १९९५ मध्ये आल्बाने कोराच चषक जिंकला. युरोपीय चषक जिंकणारा तो पहिला जर्मन क्लब होता. अंतिम लढत दोन सामन्यांची होती. मिलानमधला पहिला सामना ८७-८७ असा बरोबरीत सुटला आणि बर्लिनमध्ये आल्बाने ८५-७९ अशी बाजी मारली. तेओमान अलिबेगोविच हा त्या संघाचा आधारस्तंभ होता. बास्केटबॉलचा सामना बरोबरीत सुटतो हे आमच्या सातवीच्या मुलांना पटेना. दोन सामन्यांचे गुण एकत्र धरले जात असल्यामुळे पहिल्या सामन्यात जादा वेळ खेळवण्याची गरज नसते, हे फळ्यावर बेरीज मांडून दाखवल्यावरच त्यांचे समाधान झाले. गणिताच्या तासाचे थोडे ऋण तिथे फिटले, असे मला वाटते.

त्यानंतरची चढती कमान सर्वपरिचित आहे. १९९७ ते २००३ या काळात आल्बाने सलग सात वेळा जर्मन अजिंक्यपद मिळवले. या काळातला हेनिंग हार्निश हा खेळाडू मला क्लबच्या सर्व विजयांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. १९९३ च्या सुवर्णपदक विजेत्या संघात तो होता. लेव्हरकुसेनकडून सलग सात आणि मग आल्बाकडून दोन, अशी लागोपाठ नऊ राष्ट्रीय अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. खेळणे सोडल्यावर तो आल्बाच्या युवा विभागाकडे वळला आणि पुढे क्लबचा उपाध्यक्षही झाला. त्याने मांडलेला विचार असा होता की मूल क्लबमध्ये येण्याची वाट पाहत बसू नये, मूल जिथे रोज असते तिथे क्लबने जावे. यातून २००६ च्या सुमारास शाळांबरोबरचा कार्यक्रम उभा राहिला. पूर्ण वेळ पगारावर असलेले प्रशिक्षक बालवाडीत, प्राथमिक शाळेत, माध्यमिक शाळेत आणि संध्याकाळी क्लबच्या सरावाला, अशा सगळ्या ठिकाणी जाऊ लागले. प्राथमिक शाळांची एक स्वतंत्र साखळी स्पर्धा सुरू झाली. दक्षिण बर्लिनमधील ग्रोपियसश्टाट या उंच इमारतींच्या, कष्टकरी आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्तीत क्लबने हे काम विशेष नेटाने केले.

ग्रोपियसश्टाटची माहिती वाचताना मला आमचा पूर्व भाग दिसत होता. तिथेही मुलाच्या घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. तिथेही पालक कामावर, आणि मूल दुपारनंतर मोकळे. अशा वस्तीत एकच प्रशिक्षक जर मुलाला चौथ्या वर्षी बालवाडीत भेटला, आठव्या वर्षी शाळेत भेटला आणि बाराव्या वर्षी क्लबच्या मैदानावर भेटला, तर त्या मुलाला खेळ सोडायला कारणच उरत नाही. आपल्याकडे प्रत्येक टप्प्यावर माणूस बदलतो. माझ्याकडून सातवी झालेले मूल आठवीत दुसऱ्या शाळेत जाते, तिथे मैदान असले तरी त्याला ओळखणारे कोणी नसते, आणि दोन महिन्यांत चेंडू सुटतो. दरवर्षी मला हे दिसते, आणि दरवर्षी मला त्याचा त्रास होतो.

क्लबच्या रचनेचे दोन भाग आहेत. व्यावसायिक संघ एका मर्यादित कंपनीच्या रूपात चालवला जातो, आणि युवा संघ, हौशी संघ व शाळांचे काम हे नोंदणीकृत सभासद-संस्थेकडे असते. सभासदसंख्येच्या हिशेबाने आल्बा हा जर्मनीतील सर्वांत मोठा बास्केटबॉल क्लब आहे. मार्को बाल्डी १९९० पासून व्यवस्थापनात होते, आणि एवढा दीर्घ काळ एकाच माणसाने धुरा वाहिल्यामुळे पराभवाच्या वर्षांतही युवा विभागाच्या पैशाला हात लागला नाही, असे माझे अनुमान आहे. सोळा आणि एकोणीस वर्षांखालील मुलांचे संघ राष्ट्रीय साखळीत खेळतात, शेजारच्या बेर्नाउ गावच्या संघाशी सहकार्य असल्याने तरुणांना खालच्या श्रेणीत प्रौढांविरुद्ध खेळायला मिळते, आणि व्हीलचेअर बास्केटबॉलचाही विभाग आहे. महिलांचा संघ २०२२ मध्ये अव्वल साखळीत पोचला आणि २०२४ मध्ये त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. आमच्या मुलींना मी ही शेवटची गोष्ट दोनदा सांगितली.

जर्मन साखळीच्या एका नियमाचाही इथे उल्लेख करायला हवा. बुंडेसलीगामध्ये सामन्यासाठी निवडलेल्या बारा खेळाडूंपैकी परदेशी खेळाडू जास्तीत जास्त सहा असू शकतात. त्यामुळे प्रत्येक क्लबला स्वतःचे खेळाडू घडवावेच लागतात. नियम सर्वांना सारखाच असला, तरी ज्याच्या शाळांतून मुले येतात त्याला तो ओझे वाटत नाही.

शाळांतल्या कामाचे फळ मैदानावर दिसायला मात्र वेळ लागला. २००८ मध्ये आल्बाने एकदा अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी क्लब साडेआठ हजारांच्या माक्स-श्मेलिंग-हालेतून साडेचौदा हजारांच्या नव्या मोठ्या सभागृहात गेला. त्यानंतर बारा वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद आले नाही. राष्ट्रीय चषक स्पर्धेचे चषक येत राहिले, पण साखळीचा मुख्य किताब बहुतेक वेळा बाम्बेर्ग आणि बायर्न म्युनिच यांच्याकडे जात राहिला. २०१७ मध्ये आल्बाने आयतो गार्सिया रेनेसेस या स्पॅनिश प्रशिक्षकांना आणले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्पेनला रौप्यपदक मिळाले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली, आणि चौदा वर्षांच्या रिकी रुबिओला स्पेनच्या अव्वल साखळीत उतरवणारेही तेच. ज्या क्लबची सगळी भिस्त तरुणांवर आहे, त्याने तरुणांना न घाबरता खेळवणारा वयोवृद्ध गुरू शोधावा, ही निवड मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. पहिली दोन वर्षे संघ एकामागून एक अंतिम सामने हरला; २०१९ मध्ये युरोकप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत स्पेनच्या वालेन्सियाने हरवले. तरीही क्लबने प्रशिक्षक बदलले नाहीत. २०२० मध्ये त्याच माणसाने चषक आणि अजिंक्यपद दोन्ही मिळवून दिले, आणि पुढच्या दोन वर्षांतही अजिंक्यपद आल्बाकडेच राहिले. त्यातले शेवटचे त्यांचे सहायक इस्रायल गोन्सालेस यांच्या मार्गदर्शनाखाली आले. आजवर क्लबच्या नावावर अकरा अजिंक्यपदे आणि अकरा चषक आहेत.

२०२० चे अजिंक्यपद कसे झाले ते आमच्या मुलांना फार आवडते. मार्चमध्ये साखळी थांबली, आणि जूनमध्ये दहा संघांना म्युनिचमध्ये एकत्र ठेवून, प्रेक्षकांविना, उरलेली स्पर्धा खेळवली गेली. लुडविग्सबुर्गला हरवून आल्बा जिंकला. म्हणजे मार्च ते जून या चार महिन्यांत एका बाजूला क्लबचे प्रशिक्षक घरात बसलेल्या मुलांना उड्या मारायला शिकवत होते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्लबचा मुख्य संघ रिकाम्या सभागृहात किताबासाठी झुंजत होता. त्या संघाचा कर्णधार निल्स गिफाय बर्लिनमध्येच जन्मलेला आणि आल्बातच वाढलेला होता.

मोरित्स आणि फ्रान्त्स वाग्नर हे भाऊ या सगळ्या रचनेचा सर्वांत ठळक पुरावा आहेत. दोघेही बर्लिनचे, दोघेही आल्बाच्या युवा विभागात वाढले. पुढे दोघेही अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले आणि एनबीए या तिथल्या व्यावसायिक साखळीत ऑर्लँडो मॅजिक या संघात एकत्र खेळू लागले. १० सप्टेंबर २०२३ रोजी मनिलामध्ये जर्मनीने सर्बियाला ८३-७७ असे हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या बारा जणांत हे दोघे भाऊ होते, निल्स गिफाय होता, त्याआधीच्या हंगामात आल्बाकडून खेळलेले योहानेस टीमान आणि माओडो लो होते. मुख्य प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट हेही पूर्वी आल्बाचे प्रशिक्षक राहिले होते. सर्बियाच्या बाजूला त्या दिवशी प्रशिक्षक म्हणून कोण उभे होते? स्वेतिस्लाव पेशिच, ज्यांनी जर्मनीला आणि आल्बाला तीस वर्षांपूर्वी वाट दाखवली तेच. हा सामना मी पाचव्यांदा पाहतानाही शेवटच्या मिनिटाला उभा राहतो.

क्लबचे सगळेच सुरळीत चालले आहे असे मात्र नाही. युरोलीग या युरोपीय क्लबांच्या अव्वल स्पर्धेतल्या आपल्या शेवटच्या हंगामांत आल्बा गुणतक्त्याच्या तळाशी राहिला, कारण तिथल्या श्रीमंत क्लबांशी पैशात बरोबरी करणे त्याला जमत नव्हते. २०२५-२६ च्या हंगामापासून तो युरोलीग सोडून चॅम्पियन्स लीग या दुसऱ्या युरोपीय स्पर्धेत खेळू लागला. चांगला खेळाडू घडला की तो मोठ्या पगाराकडे जातो, हे या पद्धतीचे दुखणे आहे आणि त्यावर कोणाकडे सोपा उपाय नाही.

तासांकडे परत येतो, कारण त्यांतल्या उणिवाही सांगायला हव्यात. सर्व शीर्षके जर्मनमध्ये असल्याने हवा तो तास शोधणे जिकिरीचे होते. मी पहिल्या वर्षी एका वहीत प्रत्येक तासाचा विषय, लागणारी जागा आणि आमच्या मुलांना तो कितपत झेपला, याची नोंद ठेवली, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी काम हलके झाले. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. त्यामुळे आमच्या पाचवी-सहावीला प्राथमिक गट बरोबर बसतो, पण सातवीच्या मुलांना तो सोपा आणि माध्यमिक गट जड जातो. शिवाय हे तास एका घरात एका मुलाने करायचे म्हणून रचलेले आहेत. बेचाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला हात पसरायला जागा मिळत नाही. मी अर्धा वर्ग हालचालीला आणि अर्धा मोजणीला लावतो. मोजणाऱ्याला समोरच्याचे गुडघे, पाऊल, पाठ पाहावी लागते, आणि त्यातून तोही शिकतो. पंख्याखाली असूनही एप्रिलमध्ये वर्ग भट्टीसारखा तापतो, त्यामुळे पाऊण तासाचा तास वीस मिनिटांतच थांबवावा लागतो आणि मध्ये दोनदा पाणी द्यावे लागते. जर्मनीतल्या मार्चसाठी केलेला कार्यक्रम सोलापूरच्या मार्चमध्ये जसाच्या तसा चालणार नाही, हे शिक्षकाने आधीच ध्यानात घ्यावे.

सर्वांत मोठी उणीव व्हिडिओच्या स्वभावातच आहे. पडद्यावरच्या प्रशिक्षकाला आपले मूल दिसत नाही. मागे वळून उडी मारताना भीतीने थांबलेल्या मुलीला हात द्यायला तिथे कोणी नसते. आल्बाच्या बर्लिनमधल्या मुलांना त्या व्हिडिओच्या आधी आणि नंतर तेच प्रशिक्षक प्रत्यक्ष भेटत होते. आमच्या मुलांना ते कधीच भेटणार नाहीत. म्हणून केवळ टीव्ही लावून शिक्षकाने खुर्चीत बसायचे असेल, तर हे तास घेऊ नयेत असेच मी म्हणेन. स्वतः मुलांबरोबर वाकणार असाल, घामाघूम होणार असाल, तर यापेक्षा चांगली मोफत सोय माझ्या पाहण्यात नाही. पालकसभेत एका वडिलांनी विचारले, याने दहावीला सवलतीचे गुण मिळतील का? मी खरे ते सांगितले, की नाही मिळणार. त्यांनी थोडा विचार केला आणि चादर मात्र दुसऱ्या दिवशी पाठवली.

या दोन वर्षांत माझ्या शिकवण्यात एक बदल झाला. पूर्वी मी चांगले खेळणारी दहा मुले निवडून त्यांच्यावर मेहनत घेत असे, कारण शालेय स्पर्धांत तेवढीच लागतात. आता बेचाळीसही मुले हालतात. चौथीच्या वर्गालाही आठवड्यातून एक दिवस घेतो, म्हणजे पुढच्या वर्षी ती माझ्याकडे येतील तेव्हा अनोळखी नसतील. सातवी झालेल्या मुलांनाही येता यावे म्हणून रविवारी सकाळी साडेसहाला पटांगण उघडतो. गेल्या पावसाळ्यात सहा मुले येत होती, आता पंधरा येतात, आणि त्यांतल्या तिघी आठवीला दुसऱ्या शाळेत गेलेल्या आहेत.

आमचा बोर्ड प्रौढांच्या उंचीचा, म्हणजे रिंग ३.०५ मीटरवर आहे. लहान मुलांच्या बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते. पाचवीतले मूल ३.०५ वर चेंडू पोचवण्यासाठी तो खांद्याच्या मागून भिरकावते आणि ती चुकीची सवय पुढे वर्षानुवर्षे जात नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरने दुसरी रिंग खालच्या उंचीवर बसवून द्यायचे कबूल केले आहे. जून उजाडेपर्यंत ते काम होईल. तोवर मी खांबावर २.६० ला खडूने आडवी रेघ मारून ठेवली आहे. सहावीच्या मुली मधल्या सुट्टीत बोटांना खडू लावून तिच्याकडे उड्या मारतात. रेघ अजून बरीच वर आहे, पण बोटांचे पांढरे ठसे दर आठवड्याला थोडे थोडे वर चढताना दिसतात, आणि प्रत्येक ठशाशेजारी त्यांनी आपापले हजेरी क्रमांक लिहून ठेवले आहेत.